श्वसनविषाणूंच्या महासाथीत डॉक्टरांना असलेला संसर्गधोका

इन्फ्लुएंझा, सार्स, कोविड-१९ यांसारख्या श्वासावाटे पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगांची साथ चालू असताना रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरांना स्वतः त्या रोगाची लागण होण्याची, आजार गंभीर होण्याची आणि प्रसंगी मृत्यू येण्याची जी शक्यता असते, तिला डॉक्टरांचा संसर्गधोका असे म्हणतात. हा व्यवसायजन्य धोक्याचा एक प्रकार आहे. खाणकामगाराला धुळीचा किंवा वेल्डरला प्रखर उजेडाचा जसा धोका असतो, त्याच जातीचा तो आहे. फरक एवढाच की लागण झालेला डॉक्टर स्वतःही संसर्गाचा स्रोत बनतो आणि त्याच्या अंथरुणाला खिळण्याने परिसरातील रुग्णसेवाही खंडित होते.

प्रस्तुत लेखात मुख्यतः महाराष्ट्रातील कोविड-१९ महासाथीच्या (२०२०–२०२२) अनुभवाच्या आधारे या धोक्याचे स्वरूप मांडले आहे. अतिदक्षता विभागात अत्यवस्थ रुग्णांजवळ काम करणाऱ्या डॉक्टरांना सर्वाधिक धोका असतो, असा सर्वसाधारण समज आहे. उपलब्ध माहिती या समजाला पूर्णपणे दुजोरा देत नाही. ज्याला रोग आहे हे ठाऊक असते त्या रुग्णापेक्षा, ज्याच्याविषयी कोणालाच शंका आलेली नसते असा रुग्ण डॉक्टरला अधिक घातक ठरतो. असा रुग्ण प्रथम येतो तो गल्लीतल्या किंवा गावातल्या साध्या दवाखान्यात.

पूर्वीच्या साथी

मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या संसर्गाचा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो १८९६ सालच्या प्लेगच्या साथीत. प्लेग हा जिवाणूजन्य रोग असल्याने तो या लेखाच्या कक्षेत काटेकोरपणे बसत नाही. तरीही त्याचा फुफ्फुसी प्रकार श्वासावाटे पसरतो, आणि या प्रकाराचे वर्णन एल. एफ. चाइल्ड यांनी १८९७ मध्ये मुंबईतच केले. काखेत किंवा जांघेत गाठ असलेला प्लेगचा रुग्ण ओळखू येत असे. फुफ्फुसी प्लेगमध्ये गाठ नसते, केवळ ताप व खोकला असतो, त्यामुळे तो साधा न्यूमोनिया समजून तपासला जाई. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. रॉबर्ट मॅन्सर यांचा जानेवारी १८९७ मध्ये प्लेगने मृत्यू झाला. त्याच साथीत पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांच्या रुग्णोपचार केंद्रात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सावित्रीबाई डॉक्टर नव्हत्या. मात्र रुग्णाला उचलून आणणारा, त्याच्या उशाशी बसणारा माणूस डॉक्टरइतकाच, पुष्कळदा त्याहून जास्त धोक्यात असतो, ही गोष्ट त्या घटनेतून दिसते. १८९७ चा साथरोग अधिनियम याच साथीच्या निमित्ताने करण्यात आला. पुढे १२३ वर्षांनी महाराष्ट्र शासनाने कोविडविरोधी आदेश काढले तेही याच कायद्याच्या आधारे.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाचे मुंबईतील पहिले नोंदवलेले रुग्ण म्हणजे १० जून रोजी रुग्णालयात दाखल झालेले सात पोलीस शिपाई. साथीची दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पहिल्या महायुद्धामुळे सरकारी वैद्यकीय सेवेतील अनेक डॉक्टर आघाडीवर गेले होते. उरलेल्यांना रोगाचे कारणही ज्ञात नव्हते, कारण मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली वेगळा करण्यात आला.

२००९ मध्ये एच१एन१ इन्फ्लुएंझाने (स्वाइन फ्लू) भारतातील पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात झाला. त्यानंतर काही दिवसांतच शहरातील एक तरुण आयुर्वेदिक डॉक्टरही या रोगाने दगावले. त्या काळात तपासणी व ऑसेल्टामिविर हे औषध मुख्यत्वे सरकारी यंत्रणेपुरते मर्यादित होते. पुण्यात महापालिकेच्या नायडू रुग्णालयासमोर रांगा लागत. असे असले तरी ताप आलेला माणूस आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच जात होता. पुढे कोविडमध्ये जे मोठ्या प्रमाणावर घडले, त्याची ही लहानशी पूर्वसूचना होती. तिची म्हणावी तेवढी दखल घेतली गेली नाही.

संसर्ग कसा होतो

खोकताना, शिंकताना, बोलताना, किंबहुना नुसता श्वास सोडतानाही तोंडा-नाकातून निरनिराळ्या आकाराचे द्रवकण बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. अतिसूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात आणि बंद खोलीत उदबत्तीच्या धुराप्रमाणे साठत जातात. कोविड-१९ च्या आरंभी जागतिक आरोग्य संघटनेचा भर मोठ्या थेंबांवर व हातांच्या स्पर्शावर होता. हवेतून होणाऱ्या संसर्गाची दखल घ्यावी असे आवाहन २३९ शास्त्रज्ञांनी जुलै २०२० मध्ये केले, आणि संघटनेच्या मार्गदर्शनात या मार्गाचा स्पष्ट उल्लेख येण्यास २०२१ साल उजाडले. मधल्या काळात दवाखान्यांमध्ये दाराची कडी, टेबल, खुर्च्या दिवसातून अनेकदा पुसल्या जात होत्या, पण खिडकी बंदच असे.

डॉक्टरच्या दृष्टीने तीन गोष्टी निर्णायक ठरतात: रुग्णापासूनचे अंतर, त्याच्याजवळ घालवलेला वेळ आणि खोलीतील हवा बदलण्याचा वेग. घसा तपासताना रुग्णाला तोंड उघडून ‘आ’ करायला सांगावे लागते. छातीला स्टेथोस्कोप लावून ‘जोरात श्वास घ्या’ म्हणावे लागते. दात, कान-नाक-घसा व डोळे यांच्या डॉक्टरांचे तर सारे कामच वीतभर अंतरावरून चालते. वूहानमधील ली वेनलियांग हे नेत्ररोगतज्ज्ञ होते. त्यांना काचबिंदूच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णाकडून लागण झाली आणि ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्या रुग्णाला तपासणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते.

येथेच कोविड-१९ व २००३ मधील सार्स यांच्यातील महत्त्वाचा भेद लक्षात येतो. सार्सच्या जगभरातील ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ जण, म्हणजे पाचातला एक, आरोग्य कर्मचारी होता. प्रमाण भयावह होते, परंतु सार्सचा रुग्ण आजार बळावल्यावर, साधारणतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतर, सर्वाधिक संसर्गजन्य होत असे. त्यामुळे रुग्णालयांतील दक्षता वाढताच साथ आटोक्यात आली. कोविडचा रुग्ण मात्र लक्षणे दिसण्याच्या सुमारे दोन दिवस आधीपासून विषाणू पसरवतो, आणि लक्षणांच्या सुरुवातीच्या दिवसांत त्याचे प्रमाण सर्वाधिक असते. अतिदक्षता विभागात पोचेपर्यंत बहुधा एक आठवडा उलटलेला असतो. तोवर रुग्णाची प्रकृती ढासळलेली असते, पण त्याची संसर्गक्षमता पुष्कळदा उतरणीला लागलेली असते.

श्वासनलिकेत नळी घालणे, नळीतून स्राव ओढून काढणे यांसारख्या क्रियांमध्ये डॉक्टरचा चेहरा रुग्णाच्या तोंडाजवळ येतो. या क्रिया धोक्याच्या आहेतच, पण त्या करणाऱ्याला धोका ठाऊक असतो आणि तो संपूर्ण संरक्षक पोशाखात असतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या विद्यापीठ रुग्णालयांत एप्रिल २०२० मध्ये कर्मचाऱ्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासण्यात आली. एकूण कर्मचाऱ्यांपैकी २४.४ टक्के जणांना संसर्ग होऊन गेला होता. सर्वाधिक प्रमाण स्वच्छता कर्मचाऱ्यांत (३४.५ टक्के) आढळले, तर अतिदक्षता विभागात ते १४.८ टक्के होते. ऑक्सफर्डमधील पाहणीतही तातडीच्या वैद्यक विभागातील कर्मचाऱ्यांपेक्षा अतिदक्षता विभागातील कर्मचारी कमी प्रमाणात बाधित आढळले.

मुंबईतील रुग्णालये, २०२०

महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले. मुंबईत ११ मार्चला रुग्ण सापडले व त्यांना चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात ठेवण्यात आले. कस्तुरबा हे साथरोगांचेच रुग्णालय असल्याने तेथील कर्मचाऱ्यांना अलगीकरणाची रीत अंगवळणी पडलेली होती. पहिला मोठा फटका बसला तो अन्यत्र, म्हणजे हृदयविकार, शस्त्रक्रिया आदींसाठी रुग्ण घेणाऱ्या खाजगी रुग्णालयांना. मुंबई सेंट्रल येथील वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका व ३ डॉक्टर बाधित आढळल्यानंतर ६ एप्रिल २०२० रोजी ते प्रतिबंधित क्षेत्र म्हणून घोषित झाले. त्याच महिन्यात शहरातील आणखी काही खाजगी रुग्णालयांना नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले.

या आकड्यांतील डॉक्टर व परिचारिका यांचे प्रमाण बोलके आहे. डॉक्टर फेरीसाठी येतो व जातो. परिचारिका आठ-बारा तास त्याच हवेत असते. शिवाय वसतिगृहातील सामाईक खोल्या, जेवणाची जागा, कपडे बदलण्याची खोली या ठिकाणी कर्मचाऱ्यांकडून कर्मचाऱ्यांना लागण होत राहते. रुग्णासमोर घट्ट बांधलेला मास्क चहाच्या वेळी उतरतो. निवासी डॉक्टरांबाबत हेच घडले. सहा-सात तास संरक्षक पोशाखात पाणी न पिता, स्वच्छतागृहात न जाता काढल्यावर चार जणांनी एका लहान खोलीत एकत्र बसून डबा खाणे हे स्वाभाविक होते, आणि नेमके तेच धोक्याचे होते. पोशाख उतरवणे ही त्यातली सर्वांत नाजूक पायरी. थकलेल्या हातांनी मास्कच्या पुढच्या भागाला स्पर्श होतो व तोच हात चेहऱ्याकडे जातो.

मे २०२० मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाने मुंबईतील खाजगी डॉक्टरांना किमान १५ दिवस कोविड रुग्णालयांत सेवा देण्याचा आदेश दिला. ५५ वर्षांवरील डॉक्टरांना त्यातून वगळण्यात आले. वयाची ही अट वैद्यकीयदृष्ट्या सयुक्तिक होती, कारण कोविडने मृत्यू येण्याची शक्यता वयाबरोबर झपाट्याने वाढते आणि मधुमेह, उच्च रक्तदाब यांमुळे ती आणखी वाढते. मात्र रुग्णालयातील कामातून सूट मिळालेला साठीचा डॉक्टर संध्याकाळी आपल्या दवाखान्यात बसतच होता.

दवाखाना

महाराष्ट्रात आजारी माणूस बहुधा प्रथम खाजगी सामान्य डॉक्टरकडे जातो. हे दवाखाने एका ठराविक ठशाचे असतात. रस्त्यालगतचा एखादा गाळा, बाहेर बाकडे, आत पडद्यामागे तपासणीची खाट, शेजारी औषधांच्या पुड्या बांधणारा किंवा केसपेपर काढणारा कंपाऊंडर. खिडकी असलीच तर ती रस्त्यावरची धूळ व आवाज टाळण्यासाठी बंद असते. वातानुकूलन यंत्र असल्यास तेच ते हवामान दिवसभर आत फिरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या रुग्णाची खोली नैसर्गिकरीत्या हवेशीर असेल तर तेथे दर रुग्णामागे सेकंदाला सरासरी १६० लिटर ताजी हवा खेळायला हवी. दहा बाय बाराच्या बंद गाळ्यात याच्या जवळपासही पोचता येत नाही.

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, कर्जत व खालापूर तालुक्यांत, या प्रश्नाला आणखी काही पदर आहेत. कुंभिवलीसारख्या गावातील रुग्णापुढे उपकेंद्रातील परिचारिका, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि खोपोली, खालापूर, चौक किंवा कर्जत येथील खाजगी दवाखाने हे पर्याय असतात. शासकीय निकषांनुसार उपकेंद्र ५,००० लोकसंख्येमागे (डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० मागे) एक, आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येमागे (डोंगराळ व आदिवासी भागात २०,००० मागे) एक असते. ठाकूर व कातकरी वाड्यांतील लोक डोंगर उतरून बाजाराच्या गावी येतात ते बाजारहाट, रेशन, दवाखाना ही कामे एकाच फेरीत उरकण्यासाठी. रोजंदारी बुडू नये म्हणून तपासणीसाठी दूर जाण्यापेक्षा ‘ताप उतरवणारे औषध द्या’ ही मागणी असते. त्यामुळे डॉक्टरपुढे बसलेल्या रुग्णाचा स्वॅब तपासला जाण्याची शक्यता आधीच कमी होते.

त्यात पावसाळा. महाराष्ट्रातील पहिली लाट जून ते सप्टेंबर २०२० या काळात चढत गेली व सप्टेंबरमध्ये शिखरावर पोचली. कोकणपट्टीत हाच काळ हिवताप, डेंग्यू आणि भातखाचरांत काम करणाऱ्यांना होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा असतो. ताप, अंगदुखी, डोकेदुखी ही सर्वांची सुरुवात सारखीच. पावसाळ्यात भिजल्याने येणारा सर्दी-खोकला वेगळाच. मुंबईतील रुग्णालयाच्या दारात ‘कोविड’ व ‘कोविडेतर’ अशी विभागणी कागदावर तरी करता येत होती. तालुक्याच्या दवाखान्यात ती करणे अशक्य होते. ओळीने आलेल्या वीस तापाच्या रुग्णांपैकी कोणाला काय झाले आहे, हे त्यांना हात लावल्याशिवाय डॉक्टरला कळणार नव्हते.

हा भाग मुंबईशी रेल्वेने जोडलेला आहे, हीही लक्षात घेण्याजोगी बाब. मध्य रेल्वेची उपनगरी गाडी कर्जतपर्यंत व पुढे खोपोलीपर्यंत जाते. टाळेबंदीत बंद असलेली ही सेवा १५ जून २०२० पासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. मुंबईच्या रुग्णालयांत काम करणारे कर्मचारी याच गाड्यांनी या पट्ट्यातील आपापल्या घरी परतत. द्रुतगती मार्ग व जुना मुंबई-पुणे महामार्ग खालापूर तालुक्यातूनच जातात. तात्पर्य, ‘गाव दूर आहे, येथे साथ पोचणार नाही’ असे मानण्यास जागा नव्हती.

साथीच्या प्रारंभी अनेक खाजगी डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. त्यावर बरीच टीका झाली. पण संरक्षक पोशाख व एन-९५ मास्क त्या आठवड्यांत मिळत नव्हते, मिळाले तर अवाच्या सवा किमतीला. साठी उलटलेल्या, मधुमेह असलेल्या डॉक्टरने एकट्याने काय करावे, याचे उत्तर कोणत्याही परिपत्रकात नव्हते. दुसरीकडे दवाखाने बंद राहिल्याने प्रसूती, सर्पदंश, मधुमेहाच्या नियमित गोळ्या यांसाठीही लोकांना वणवण करावी लागली. स्थानिक प्रशासनांनी दवाखाने उघडे ठेवण्याच्या नोटिसा काढल्या. न उघडल्यास गुन्हा दाखल होण्याचा इशाराही काही ठिकाणी दिला गेला. केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केल्यामुळे फोनवरून सल्ला देणे अधिकृत झाले. शहरात त्याचा उपयोग झाला. डोंगरातल्या वाडीवर मोबाइलला रेंज मिळवण्यासाठी टेकाडावर चढावे लागत असेल, तर हा उपाय तोकडा पडतो.

धारावीत वेगळी वाट चोखाळली गेली. मुंबई महापालिकेने एप्रिल २०२० मध्ये तेथील खाजगी डॉक्टरांनाच तपासणीच्या मोहिमेत सामील करून घेतले. त्यांना संरक्षक पोशाख, मास्क, तापमापक पुरवले आणि दवाखाने उघडण्यास सांगून त्यांच्या निर्जंतुकीकरणाची जबाबदारी उचलली. संशयित रुग्ण आढळल्यास त्याला पुढे कोठे पाठवायचे हे ठरलेले होते. लोकांचा विश्वास ओळखीच्या डॉक्टरवर असल्यामुळे रुग्ण लपवण्याचे प्रमाण घटले. डॉक्टरचा धोका कमी करणे आणि साथ लवकर हुडकणे ही दोन वेगळी कामे नाहीत, हे या प्रयोगातून दिसले. ग्रामीण भागातील एकट्या-दुकट्या डॉक्टरपर्यंत अशी व्यवस्था क्वचितच पोचली.

इटलीचा अनुभव याच्याशी जुळणारा आहे. तेथील डॉक्टरांच्या राष्ट्रीय महासंघाच्या स्मृतियादीत साडेतीनशेहून अधिक नावे आहेत आणि त्यांत कौटुंबिक डॉक्टरांची संख्या मोठी आहे.

संरक्षणाची साधने

एन-९५ मास्क सुमारे ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९५ टक्के कण अडवतो. याहून लहान व मोठे दोन्ही कण त्यात अधिक सहज अडकतात, म्हणून चाचणीसाठी हाच आकार घेतला जातो. मात्र हा आकडा कापडाचा आहे, चेहऱ्यावरील मास्कचा नव्हे. कडेने फट राहिल्यास हवा तेथूनच आत शिरते. दाढी, सैल पट्टा, अनेकदा वापरून मऊ पडलेली नाकावरची पट्टी यांनी संरक्षण घटते. टंचाईच्या काळात एकच मास्क पाच-सहा दिवस आळीपाळीने, कागदी पिशवीत वाळवून वापरण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली होती. रुग्णानेही मास्क लावणे हा सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय ठरला, कारण त्यामुळे कण हवेत मिसळण्यापूर्वीच अडतात. दवाखान्यांत टेबलापुढे लावलेल्या पारदर्शक पडद्यांनी मोठे थेंब अडत असले तरी तरंगणारे सूक्ष्मकण वळसा घालून येतात. काही डॉक्टरांनी बाकडे बाहेर ओसरीत हलवले, रुग्णांना झाडाखाली तपासले. मोठ्या खर्चाच्या कोणत्याही उपकरणापेक्षा ही युक्ती शास्त्राला अधिक धरून होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कृती दलाने २३ मार्च २०२० रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन घेण्याची शिफारस केली होती. हजारो डॉक्टरांनी ते घेतले. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत त्याचा संसर्ग टाळण्यास उपयोग होत असल्याचे दिसून आले नाही.

डॉक्टरचे घर हा संरक्षणातला कच्चा दुवा राहतो. स्कॉटलंडमधील मोठ्या पाहणीत रुग्णांशी थेट संपर्क येणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट, तर त्यांच्या घरातील माणसांना जवळजवळ दुप्पट आढळला. महाराष्ट्रात तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना खाली व घर वर अशी रचना सर्रास असते. वेगळी खोली, वेगळे स्वच्छतागृह ही चैन प्रत्येकाला परवडणारी नव्हती. काहींनी मुलांना व वृद्ध आईवडिलांना नातेवाइकांकडे पाठवले. उलट काही ठिकाणी सोसायट्यांनी व घरमालकांनी डॉक्टर-परिचारिकांनाच घर सोडण्यास सांगितले. अशा घटना व हल्ले वाढल्याने २२ एप्रिल २०२० रोजी केंद्राने साथरोग अधिनियमात दुरुस्ती करणारा अध्यादेश काढला व आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसा हा अजामीनपात्र गुन्हा ठरवला.

लसीकरणानंतर

१६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांना पहिला क्रम देण्यात आला. त्यानंतर आलेली दुसरी लाट पहिलीहून कितीतरी उंच होती. महाराष्ट्रात १८ एप्रिल २०२१ रोजी एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या कर्मचाऱ्यांवरील अभ्यासानुसार दोन मात्रा घेतलेल्यांमध्ये संसर्गापासून ६५ टक्के, रुग्णालयात दाखल होण्यापासून ७७ टक्के आणि अतिदक्षता विभागाची गरज पडण्यापासून ९४ टक्के संरक्षण दिसून आले. लसीने डॉक्टर बाधित होणे पूर्णतः थांबले नाही, पण आजाराची धार बोथट झाली. जानेवारी २०२२ मधील ओमिक्रॉनच्या लाटेत राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांतील शेकडो निवासी डॉक्टर काही दिवसांत बाधित झाले. त्या वेळी प्रश्न मृत्यूंचा नव्हता, तर कामावर माणसे उरण्याचा होता.

मृत्यूंची मोजणी

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात ८०,००० ते १,८०,००० आरोग्य कर्मचारी कोविडने मृत्युमुखी पडले असावेत. भारतातील आकड्यांबाबत तीव्र मतभेद झाले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने संसदेत अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नसल्याचे सांगितल्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनने ३८२ मृत डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारने राज्यसभेत १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका व ४४ आशा कार्यकर्त्या मरण पावल्याचे सांगितले. त्यावर असोसिएशनने ७३४ डॉक्टरांचा आकडा पुढे केला आणि त्यांपैकी ४३१ जण सामान्य डॉक्टर (जनरल प्रॅक्टिशनर) असल्याचे म्हटले. दुसऱ्या लाटेत असोसिएशनने आणखी सातशेहून अधिक मृत्यू नोंदवले.

दवाखान्याविषयी वर जे म्हटले आहे, त्याच्याशी ४३१ हा आकडा सुसंगत आहे. तो वाचताना मात्र सावधगिरी हवी. देशात सामान्य डॉक्टरांची संख्याच मोठी आहे आणि त्यांच्यात वयस्कांचे प्रमाणही अधिक असू शकते, त्यामुळे केवळ या आकड्यावरून दर काढता येत नाही. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. इंडियन मेडिकल असोसिएशन ही आधुनिक वैद्यकाच्या पदवीधरांची संघटना आहे. ग्रामीण महाराष्ट्रात तापाचा रुग्ण प्रथम पाहणारा डॉक्टर पुष्कळदा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतो. तो या यादीत येत नाही. सरकारी यादीतही खाजगी डॉक्टर सहसा येत नाही. ज्या गटाला धोका सर्वाधिक असण्याची शक्यता होती, त्याचीच मोजणी सर्वांत कच्ची राहिली.

विमा आणि न्यायालयीन वाद

प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजअंतर्गत मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा जाहीर झाला. कोविड रुग्णांच्या थेट संपर्कात येऊन सेवा देणारे सरकारी कर्मचारी, तसेच शासनाने ज्यांच्या सेवा मागवून घेतल्या आहेत असे खाजगी कर्मचारी त्यास पात्र होते. ‘सेवा मागवून घेणे’ म्हणजे नेमके काय, यावर पुढचा सारा वाद उभा राहिला.

नवी मुंबईत दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टरांचा जून २०२० मध्ये कोविडने मृत्यू झाला. नवी मुंबई महापालिकेने ३१ मार्च २०२० च्या नोटिशीद्वारे त्यांना दवाखाना उघडा ठेवण्यास सांगितले होते. त्यांच्या पत्नीने विम्यासाठी केलेला अर्ज फेटाळला गेला. मुंबई उच्च न्यायालयानेही मार्च २०२१ मध्ये त्यांची याचिका नामंजूर केली. दवाखाना उघडा ठेवण्याची सर्वसाधारण नोटीस म्हणजे कोविड रुग्णांच्या उपचारासाठी सेवा मागवून घेणे नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साथरोग अधिनियम, महाराष्ट्राची २०२० ची कोविड नियमावली, महापालिकेची नोटीस व विमा योजना यांचा एकत्रित विचार करता डॉक्टरांच्या सेवा मागवून घेण्यात आल्याच होत्या, असा निष्कर्ष काढला. प्रत्येकासाठी स्वतंत्र नियुक्तिपत्र निघाले असले पाहिजे ही अपेक्षा त्या परिस्थितीत धरता येत नाही, अशी त्यामागील भूमिका होती.

या निकालाने प्रत्येक दावा आपोआप मंजूर होत नाही. संबंधित डॉक्टर त्या काळात कोविडसंबंधी सेवा देत होते व मृत्यू त्यामुळेच झाला, हे दावेदाराने पुराव्यानिशी दाखवायचे आहे. मोठ्या रुग्णालयात हजेरीपट, कामाच्या पाळ्यांचे तक्ते, रुग्णनोंदी असतात. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यात असते ती बाह्यरुग्णांची वही, काही केसपेपर आणि औषधांची बिले. डॉक्टरच्या मृत्यूनंतर गाळा रिकामा करताना हे कागद जपून ठेवले असतील तरच ते आज दाव्यासोबत जोडता येतात.